टेकडीवर बसायला वेळ

सुट्टीच्या दिवशी मुलांना न्यायचं कुठे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात असतो. परवाच्या रविवारी आम्ही मलबार हिलच्या हँगिंग गार्डनला जायचं ठरवलं. चपात्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरल्या. सासूबाई मात्र म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. सोळा वर्षं त्याच टेकडीवर भांडी घासली मी. आता काय बघायचं?"

"मग बाग तुम्हीच दाखवा ना आम्हांला," मी म्हटलं.

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बागेत कधी गेलेच नाही गं. रोज फाटकावरून जायची. तीन घरांचं काम उरकून बस गाठायची, का बाग बघायची?"

मग काय, त्यांना नेलंच!

या बागेचं खरं नाव फिरोजशहा मेहता उद्यान. १८८१ साली ती चक्क पाण्याच्या मोठ्या टाकीवर उभी केली. या जलाशयातून आजही दक्षिण मुंबईला पाणी जातं. नातवानं हे सांगितलं तेव्हा सासूबाई पायाखालच्या हिरवळीकडे बघतच राहिल्या. "म्हणजे ज्या पाण्यात माझे हात झिजले, ते इथंच होतं म्हण की!"

समोर, रस्त्यापलीकडे, १९५२ सालचं कमला नेहरू पार्क. मुलं म्हातारीच्या बुटाकडे धावली. आम्ही दोघी कठड्याजवळच्या बाकावर बसलो. खाली गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्हचा बाक आणि पसरलेला अरबी समुद्र. एकेक दिवा लागत गेला. सासूबाईंनी चपला काढून पाय वर घेतले.

"मोरीच्या खिडकीतून दिसायचा समुद्र," त्या म्हणाल्या. "पण बसून कधी बघितला नव्हता."

भगिनींनो, मुंबईतली ही सगळ्यांत महागडी टेकडी. पण या दोन्ही बागा महापालिकेच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. आत जायला पैसा लागत नाही. २०२५ साली जवळच झाडीतून जाणारी उंच पायवाट झाली आहे, तिला मात्र तिकीट आहे. जायचं तर ऊन कलल्यावर जा. धो धो पावसात टाळा. ऑगस्ट २०२० च्या पावसात या टेकडीचा काही भाग खचला होता.

आणि एक करा. ज्या माउलीनं दुसऱ्यांची घरं झाडून आपलं घर चालवलं, तिला बरोबर न्या. तिच्या हातात पिशवी देऊ नका, मुलं सांभाळायला सांगू नका. नुसतं बसू द्या.

परतताना बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पुढच्या खेपेला शेजारच्या मावशीलाही आणू. तीपण इथंच कामाला होती."