खुर्ची सोडली, नियम तेच राहिले

ब्रिटनने युरोपीय संघ सोडून पाच वर्षे उलटली, तरी आपल्याकडे त्या निर्णयाची भुरळ ओसरलेली नाही. व्यापार कराराचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, ब्रिटनसारखी धमक दाखवा, बाहेर पडा, आपले नियम आपण करू. हे पत्रक अशांच्या विरोधात आहे. आमचे म्हणणे असे की, बाहेर पडून ब्रिटनची नियमांतून सुटका झालीच नाही. नियम ठरतात त्या टेबलाशी असलेली खुर्ची तेवढी गेली. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी ‘कारभार पुन्हा आपल्या हाती’ या घोषणेवर विश्वास ठेवून कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला सदस्यत्व संपले आणि १ जानेवारी २०२१ पासून व्यापाराची नवी घडी लागू झाली. हाती नेमके काय आले, ते आता तपासता येते.

मोठमोठे आकडे क्षणभर बाजूला ठेवू आणि शिंपले पाहू. ब्रिटनच्या किनाऱ्यावर काढलेले शिंपले आणि कालवे जिवंत असतानाच ट्रकमध्ये भरून युरोपात जात, आणि पाणी अगदी निर्मळ नसलेल्या भागातला माल तिकडच्या टाक्यांत स्वच्छ होऊन बाजारात उतरे. सदस्य देशांना ही मुभा होती. बाहेरच्या देशाला मात्र माल आधी शुद्ध करूनच पाठवावा लागे, आणि हा नियम ब्रिटन संघात असल्यापासूनचा. जानेवारी २०२१ उजाडला आणि त्याच नियमाखाली ब्रिटनचा माल अडला. ही बंदी थोड्या दिवसांची आहे अशी लंडनची समजूत होती. ती कायमची आहे असे ब्रसेल्सने कळवले. पाणी तेच, शिंपले तेच, ट्रकही तेच; बदलला होता तो फक्त पाठवणाऱ्याचा दर्जा. बाहेर पडण्याला सर्वांत उत्साहाने पाठिंबा देणाऱ्यांत मच्छीमार होते, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

मग ब्रिटनने स्वतःच्या बाजूने तरी काय केले? युरोपने पहिल्या दिवसापासून कागदपत्रे तपासायला घेतली. ब्रिटनने मात्र युरोपातून येणाऱ्या अन्नाची तपासणी पुन्हापुन्हा पुढे ढकलली, कारण तपासणी म्हणजे महागाई. प्रत्यक्ष माल उघडून पाहायला एप्रिल २०२४ चा शेवट उजाडला. युरोपच्या ‘सीई’ चिन्हाऐवजी स्वतःचे ‘यूकेसीए’ चिन्ह आणायची घोषणा वाजतगाजत झाली. कारखानदारांनी विचारले, दोन बाजारांसाठी दोनदा चाचण्या कशाला? मुदती वाढत गेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनेच बहुतेक वस्तूंसाठी ‘सीई’ बेमुदत चालेल असे जाहीर केले. ज्या चिन्हाचे निकष ठरवताना पूर्वी ब्रिटनचे मत होते, ते चिन्ह आता ब्रिटन मताशिवाय मान्य करतो.

यात नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला नवे काहीच वाटणार नाही. औषधांच्या अवशेषांची मर्यादा युरोप ठरवतो, प्रयोगशाळेचा दाखला आपण काढतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अवशेषांवरून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा आपले मत कोणी विचारले नव्हते. माल विकायचा तर गिऱ्हाइकाचा नियम पाळायचा, हे त्याला पाठ आहे. पण आपल्याला ती खुर्ची कधी मिळालीच नव्हती. ब्रिटनने ४७ वर्षे बसलेली खुर्ची आपण होऊन रिकामी केली. वर आता ब्रिटनच्या अवशेष-मर्यादा वेगळ्या झाल्याने आपल्या निर्यातदाराला एकाच हंगामात दोन याद्या सांभाळाव्या लागतात.

राजकारणातही तेच. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यात जमिनीवर सीमा उभारली, तर १९९८ च्या शांतता कराराला धक्का बसणार. म्हणून तपासणी समुद्रावर, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांच्या मध्ये आली. याचा निषेध म्हणून तिथल्या डीयूपी पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे प्रांतिक सरकार चालू दिले नाही. देशाची एकसंधता ज्या लंडनच्या सरकारच्या तोंडी होती, त्यानेच देशाच्या पोटात जकातीची रेघ ओढली. स्थलांतराचे काय झाले? युरोपातून येणारे घटले, पण बाहेरून येणारे इतके वाढले की जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेले. व्हिसाचे धोरण ब्रिटनचे स्वतःचे होते. तेव्हा याचे खापर ब्रसेल्सवर फोडायचीही सोय राहिली नाही.

यावर आक्षेप येतो की नुकसान कोविडने आणि युक्रेन युद्धाने केले. ही दोन्ही संकटे फ्रान्स-जर्मनीवरही आली होती. ब्रिटनच्या अर्थसंकल्पाची छाननी करणाऱ्या स्वायत्त ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ने बाहेर पडण्याचा परिणाम वेगळा काढून, दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील असा अंदाज दिला आहे. दुसरा आक्षेप नव्या करारांचा. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराने २०३५ पर्यंत सुमारे ०.०८ टक्के वाढ होईल, आणि जुलै २०२५ मध्ये भारताशी झालेल्या कराराने २०४० पर्यंत ०.१३ टक्के, हे खुद्द ब्रिटिश सरकारचे अंदाज आहेत. ४ च्या खड्ड्यात अशा किती पाट्या माती टाकायच्या? सेवाक्षेत्राची निर्यात चांगली वाढली आणि २०२५ मध्ये अमेरिकेने ब्रिटनवर युरोपपेक्षा कमी आयातशुल्क लावले, हे मात्र खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण ब्रिटनची चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात आजही युरोपीय संघात जाते, आणि वॉशिंग्टनची मेहेरबानी एका घोषणेत मिळते तशी एका घोषणेत जातेही.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे: नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतही ‘आरसेप’ या प्रादेशिक व्यापार करारातून बाहेर पडला, तो शहाणपणा आणि ब्रिटनने केले तो मूर्खपणा कसा? भारताने वाटाघाटी सोडल्या, करारावर सही केलीच नव्हती. तो निर्णय बरोबर की चूक हा वाद वेगळा. न झालेल्या व्यवहाराचे धागे तोडावे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र मोटारीचा एखादा सुटा भाग इंग्लिश खाडी ओलांडून दोन-तीनदा ये-जा करत होता. तिथे प्रत्येक फेरीला नवा कागद लागला. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी माणसे नेमली, अनेक छोट्यांनी युरोपला माल पाठवणेच बंद केले.

आता म्हणतात, चूक दुरुस्त होते आहे, मे २०२५ मध्ये लंडनला समझोता झालाच ना! झाला. त्यात काय ठरले ते पाहा. अन्न आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी व्हाव्यात म्हणून ब्रिटन या क्षेत्रातले युरोपचे नियम पाळेल, ते बदलतील तसे आपलेही बदलेल, खर्चाचा वाटा उचलेल आणि युरोपीय कायद्याच्या अर्थाबाबत युरोपीय न्यायालयाचा शब्द अखेरचा मानेल. नियम घडताना त्याला आपले म्हणणे मांडता येईल; मत देता येणार नाही. त्याच समझोत्यात युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून मिळाली.