पाइपाला वाट, पाड्याला परवानगी?



"रस्त्याला आमची ना नाही, पण जमीन फॉरेस्टची आहे." शहापूर, मोखाडा, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यापाड्यांवर हे वाक्य लहान पोरालाही पाठ झालं आहे. बांधकाम खात्याचा साहेब म्हणतो, पैसे आहेत, फॉरेस्टची परवानगी नाही. फॉरेस्टचा साहेब म्हणतो, आमच्याकडे प्रस्तावच आलेला नाही. तहसील कचेरीत सांगतात, पाठपुरावा चालू आहे. तेवढ्यात पावसाळा लागतो, ओहोळ भरतो, आणि अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून चार माणसं चिखलातून निघतात. दवाखाना गाठला तर गाठला.

या अंकात या एकाच वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. कारण ते वाक्य खोटं आहे. आणि ते खोटं असल्याचा पुरावा गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या आपल्या साथींच्या नळाला रोज सकाळी येतो.

पाण्याला कुणी अडवलं?

तानसाचं धरण १८९२ सालचं. मोडकसागर १९५७ चं. मग वरची वैतरणा आली, भातसा आली. पुढे मोखाड्यात कोचाळ्याला मध्य वैतरणाही झाली. ही सगळी धरणं कुठे आहेत? आपल्या गावांत, आपल्या जंगलांत. तिथून शंभरेक किलोमीटर पाइप टाकून पाणी मुंबईला नेलं. पाइप जंगलातून गेले, डोंगर फोडून गेले, शेतांतून गेले. पाइपांची देखभाल करायला कडेने रस्ते झाले, त्यावरून गाड्या फिरतात. धरणाला सिमेंट, लोखंड, मशिनं न्यायला रस्ते लागले, तेही झाले.

जंगलातून वाट देता येत नाही, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही. मलबार हिलच्या टाकीतून गिरगावात पाणी उतरतं तेव्हा ते किती एकर जंगलातून आलं, असं नळाला कुणी विचारत नाही. विचारूही नये. मुंबईच्या कष्टकऱ्याला पाणी मिळालंच पाहिजे, चाळीतल्या बाईला रात्री दोन वाजता उठून बादल्या भराव्या लागू नयेत, हे आम्ही आधीपासून म्हणत आलो आहोत. आमचं म्हणणं एवढंच, की ज्या जंगलातून तीन तीन मीटर जाडीचा पाइप जाऊ शकतो, त्याच जंगलातून तीन मीटर रुंदीचा रस्ता पाड्यापर्यंत येऊ शकतो. धरणाच्या अंगावर राहणाऱ्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आणि रस्ता नाही म्हणून तो टँकरही पाड्यापर्यंत पोचत नाही!

२००९ साली ३० जूनला वरळी-वांद्रे सागरी पूल उघडला. साडेपाच किलोमीटरचा रस्ता सरकारने भर समुद्रात उभा केला. त्या सरकारला दोन किलोमीटरचा रस्ता जमिनीवर करता येत नाही, हे आम्ही का म्हणून मानायचं?

वहिवाट चाळीला आहे, पाड्याला नाही

आता कायद्याचं बघू. गिरगावातल्या एखाद्या वाडीच्या बोळातून लोक वीस वर्षं उघडपणे, हक्काने, कुणाच्या अडथळ्याविना येत-जात असतील, तर उद्या नवा मालक येऊन तिथे भिंत घालू शकत नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा तसं सांगतो. यालाच आपण वहिवाट म्हणतो. जमीन सरकारची असेल तर वीसऐवजी तीस वर्षं धरतात, एवढाच फरक. गावच्या शेतकऱ्याला शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतो. म्हणजे चालून चालून वाट हक्काची होते, हे इंग्रजालाही मान्य होतं आणि आपल्या सरकारलाही आहे.

मग आदिवासीच्या पायाखालची वाट कुठे गेली?

ती १९२७ च्या वन कायद्याने खाल्ली. जंगल राखीव करायचं ठरलं की सरकार जाहीरनामा काढतं, आणि किमान तीन महिन्यांची मुदत देतं. त्या मुदतीत यायचं आणि आपले हक्क सांगायचे: वाटेचा, चराईचा, पाण्याचा. जे सांगितले नाहीत ते गेले. आमच्या आज्या-पणज्यांना तो कागद कुणी वाचून दाखवला? कोणत्या भाषेत? ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या पाड्यावर पोस्टमन येत नाही, त्याने तीन महिन्यांत साहेबासमोर उभं राहून "ही पायवाट माझी" म्हणायचं होतं! आणि एकदा जंगल राखीव झालं की कलम २३ सांगतं, नवा हक्क मिळेल तो वारसाने किंवा सरकारने दिला तरच. त्यानंतर शंभर वर्षं चाला, वहिवाट होत नाही.

कलम २५ तर आणखी बघण्यासारखं आहे. राखीव जंगलातली कोणतीही सार्वजनिक किंवा खासगी वाट फॉरेस्ट अधिकारी सरकारच्या मंजुरीने बंद करू शकतो. पण अट आहे: तिच्या बदली दुसरी सोयीची वाट आधीपासून असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. सोयीची कुणाला? तेही सरकारच ठरवणार. तरीसुद्धा ही अट लक्षात ठेवा. ज्या ज्या ठिकाणी चर खणून, तार ओढून पाड्याची जुनी वाट बंद केली, तिथे तिथे विचारा: बदलीची वाट कुठे आहे? मंजुरीचा कागद कुठे आहे?

१९८० साली वनसंवर्धन कायदा आला, आणि जंगलाच्या जमिनीचा दुसरा कुठलाही वापर दिल्लीच्या हाती गेला. पाड्याच्या रस्त्याची फाईल मग डीएफओकडून नागपूरला, नागपूरहून मंत्रालयात, मंत्रालयातून भोपाळला आणि तिथून दिल्लीला जाऊ लागली. माणूस झोळीत, फाईल रेल्वेत.

२००६ च्या कायद्यात काय आहे

ही लाचारी मोडणारा कायदा आपण लढून मिळवला आहे. वनहक्क कायदा २००६. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू आहेत. सात-बाराच्या प्लॉटसाठी आपण सगळ्यांनी दावे टाकले, पण याच कायद्यातल्या कलम ३ (२) कडे आपलंही पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

त्यात लिहिलं आहे, की १९८० च्या कायद्यात काहीही असलं तरी गावाच्या तेरा सोयींसाठी जंगलजमीन द्यायची आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, तळी, पिण्याचं पाणी, आणि रस्ता. अटी तीनच. जमीन प्रत्येक बाबतीत एक हेक्टरपेक्षा कमी हवी. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. आणि ग्रामसभेची शिफारस हवी. २००९ च्या मे महिन्यात दिल्लीच्या आदिवासी खात्याने याची रीत ठरवून दिली. त्या रीतीप्रमाणे फाईल डीएफओपाशी थांबते. त्याला मान्य नसेल तर ती कलेक्टरांच्या जिल्हा समितीपुढे जाते. नागपूर नाही, भोपाळ नाही, दिल्ली नाही.

एक हेक्टर म्हणजे केवढं? दहा हजार चौरस मीटर. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला तर तीन किलोमीटरपेक्षा जास्त लांबी होते. मोरी आणि कडेची जागा धरून सहा मीटर घेतले तरी दीड किलोमीटरच्या वर जातो. कितीतरी पाड्यांचा प्रश्न एवढ्यात सुटतो.

पण कायदा कागदावर असला म्हणजे तो हातात आला असं नाही. हे परळ-लालबागच्या गिरणी कामगारांना आम्ही सांगायला नको. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी आणि एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी होता. २००१ साली त्याचा अर्थ बदलला: वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जमिनीची! एका शब्दाने शेकडो एकर गेले. सुप्रीम कोर्टानेही २००६ साली त्यावर शिक्का मारला. तसंच उद्या कुणी साहेब "प्रत्येक बाबतीत एक हेक्टर" याचा अर्थ "अख्ख्या गावाला मिळून एक हेक्टर" असा लावेल. झाडं मोजताना कारवीच्या दांड्याही झाडं म्हणून मोजेल. म्हणून अर्थ लावण्याचं काम कचेरीवर सोडायचं नाही. मोजणीला गावाने उभं राहायचं.

"रस्ता आला की जंगल गेलं"

दादरच्या बैठकीत एका मित्राने मनापासून विचारलं, "तुम्ही जंगलाचे राखणदार म्हणवता, मग रस्ता कशाला मागता? रस्ता आला की ट्रक येतो, दलाल येतो, फार्महाऊस येतं." प्रश्न खोटा नाही. आपल्या पाड्यांवरही काही म्हातारी माणसं हेच म्हणतात.

त्याचं उत्तर असं. जंगलात रस्ते आधीपासून आहेत. कूप तोडायला, लाकडाचे ट्रक काढायला फॉरेस्टने ते स्वतः केले. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध आणि लाकूडतोडीच्या मजुरीसाठी बंड केलं, तेव्हा ठेकेदारांच्या लाकडाला वाटा होत्याच. १९७४ साली वन विकास महामंडळ निघालं, साग लावायला आणि तोडायला. त्याच्या गाड्या काय आकाशातून गेल्या? लाकडाच्या वाटेने जंगल गेलं, आणि माणसाच्या वाटेच्या वेळी जंगल आठवलं. आजारी पोराला दवाखान्यात नेणाऱ्या वाटेने जंगल संपत नाही.

दलालाची भीती मात्र खरी आहे. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही, असा कायदा १९७४ पासून आहे, तरी हायवेलगत काय झालं ते आपण बघतोच. म्हणूनच आपली मागणी नुसती "रस्ता द्या" अशी नाही. रस्ता हवा की नको, कुठून, किती रुंद, कोणती झाडं वाचवून, रात्री फाटक लावायचं की नाही, हे गाव ठरवेल, अशी आहे. एखादा पाडा म्हणेल, आम्हाला डांबर नको, ओहोळावर साकव आणि बैलगाडीची वाट पुरे. तोही निर्णय तितकाच हक्काचा.

आणि हाच हक्क उलट्या बाजूनेही चालतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या पर्यावरण खात्याने राज्यांना कळवलं होतं: धरण, खाण, मोठा रस्ता यांच्यासाठी जंगलजमीन मागायची तर आधी तिथले वनहक्क मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती कागदावर जोडली पाहिजे. म्हणजे कंपनीचा रस्ता गावाला विचारल्याशिवाय जाऊ नये, असं त्यात ठरलं होतं. आपली वाट मागायची ती ग्रामसभेच्या ठरावाने, आणि त्यांची वाट अडवायची तीही ग्रामसभेच्या ठरावाने. यातलं एक टोक सोडलं तर दुसरंही हातचं जाईल. जो पाडा स्वतःच्या रस्त्यासाठी साहेबाच्या पाया पडतो, त्याला उद्या खाणवाल्याच्या रस्त्याला नाही म्हणता येत नाही.

आता करायचं काय

१. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने कलम ३ (२) खाली आपला ठराव मांडायचा. पंचायतीची सभा दूरच्या गावी असेल तर आधी पाड्याची सभा घ्या, सह्या-अंगठे घ्या, बायांची हजेरी भरपूर हवी. झोळी कुणाच्या अंगाखाली असते हे त्यांना जास्त माहीत आहे.

२. ठरावासोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. रस्ता कुठून, लांबी किती, रुंदी किती, वाटेत झाडं किती. जुनी पायवाट असेल तर ती ठळक दाखवा.

३. अर्ज दिला की पोच घ्या. तोंडी "बघतो" म्हणजे नाही. नकार असेल तर तो लेखी, कारणासह.

४. मुंबईच्या साथींनी माहितीच्या अधिकारात विचारायचं: आपल्या तालुक्यांत कलम ३ (२) खाली किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती कुणाच्या टेबलावर पडून आहेत. मंत्रालयात, महापालिकेत नोकरी करणारे आपले साथी आहेत. कागद कुठे अडतो हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळतं.

५. परळ, लालबाग, गिरगावच्या चाळींत, मंडळांत या विषयावर सभा घ्या. तुमच्या नळाचं पाणी कुठल्या पाड्याशेजारून येतं आणि त्या पाड्याला रस्ता आहे का, एवढं लोकांना सांगितलं तरी पुष्कळ.

परवानगी मागायचे दिवस संपले. कायद्याने जमीन द्यायची आहे आणि शिफारस आपण करायची आहे. साहेबाचं काम फक्त मोजून देण्याचं उरलं आहे. ते त्याच्याकडून करून घ्यायचं आहे.

जिंदाबाद!