मुहूर्त पाहिला, रक्त पाहिलें काय?

शस्त्रक्रियेनें बाळंतपण करावयाचें ठरलें, म्हणजे अलीकडे कित्येक घरांतून प्रथम पंचांग उघडलें जातें. अमुक वारीं, अमुक नक्षत्रावर, अमुक घटकेस मूल जन्मावें, अशी चिठ्ठी जोशीबुवांकडून लिहून घेऊन ती डॉक्टरांच्या हातीं देण्यांत येते, आणि डॉक्टरही पुष्कळ वेळां ती मान्य करतात. ज्योतिष खरें कीं खोटें, हा वाद आज आम्हांस करावयाचा नाहीं. आमचा प्रश्न निराळा आणि अगदीं साधा आहे. ज्या घरास मुलाच्या जन्माची घटका मिनिटासुद्धां ठाऊक आहे, त्या घरास मुलाच्या आईच्या रक्तांत हिमोग्लोबिन किती आहे, हें ठाऊक आहे काय? शंभरांतील किती कर्त्या पुरुषांस हा आंकडा सांगतां येईल, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

हा प्रश्न आम्ही उगीच काढलेला नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२.२ स्त्रियांस पांडुरोग, म्हणजे लोक ज्यास ॲनिमिया म्हणतात तो, आढळून आला. आपल्या महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ४५.७ होतें. त्याच सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील शेंकडा २५.४ बाळंतपणें सिझेरियन शस्त्रक्रियेनें झाल्याचें दिसलें. त्यापूर्वींच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणांत तेंच प्रमाण शेंकडा २०.१ होतें. जवळजवळ निम्म्या गरोदर स्त्रियांचें रक्त उणें, आणि दर चार बाळंतपणांत एक पोटावर शस्त्र चालवून! हे दोन आंकडे अहवालाच्या निरनिराळ्या पानांवर छापलेले असतात. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर ते एकाच बाईच्या देहांत एकत्र येतात. इतक्या शस्त्रक्रिया खरोखर अवश्य असतात काय, हा वाद योग्यच आहे व तो चालावा. पण तो वाद मिटेपर्यंत मेजावर निजलेल्या बाईचें रक्त कांहीं आपोआप वाढत नाहीं.

गरोदरपणीं शरीरांतील रक्ताचा पातळ भाग फार वाढतो, त्या मानानें तांबड्या पेशी वाढत नाहींत. त्यामुळें रक्त थोडेंसें विरळ होणें स्वाभाविक आहे. तें जमेस धरूनच वैद्यकानें मर्यादा घालून दिली आहे. दर शंभर मिलिलिटर रक्तांत ११ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असलें तर तो पांडुरोग, आणि ७ हून कमी असलें तर तो उग्र पांडुरोग. आतां बाळंतपणाचा खर्च पाहा. नैसर्गिक बाळंतपणांत साधारण अर्धा लिटर रक्त जातें. सिझेरियनमध्यें तें लिटरभराच्या आसपास जातें. आमच्या व्यापारी वाचकांस याहून अधिक सांगावयास नको. ज्या दुकानाचें भांडवल भरपूर, तें एका हंगामाचा तोटा सोसून पुन्हा उभें राहतें. ज्याचें भांडवल अगोदरच खालावलेलें, त्याचें तेवढ्याच तोट्यानें दिवाळें वाजतें. अशा स्त्रीच्या हृदयावर ताण पडतो, तिला परक्याचें रक्त चढविण्याची पाळी येते, जखम चिघळण्याचें भय वाढतें. आणि मूलही दिवस पुरे होण्यापूर्वीं किंवा कमी वजनाचें जन्मण्याचा धोका असतो.

कायद्यांत मुदतीचा म्हणून एक कायदा आहे. येणें कितीही खरें असलें, तरी मुदत टळून गेल्यावर दावा आणला तर न्यायाधीश तो फेटाळून लावतो. निसर्गाच्या दरबारींही असाच नियम आहे. लोहाच्या गोळ्यांनीं हिमोग्लोबिन महिन्याभरांत निदान एक ग्रॅमनें वाढावें, आणि तितकें न वाढल्यास त्या स्त्रीस मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावें, असा सरकारी कार्यक्रमाचाच दंडक आहे. या हिशेबानें आठावर असलेली बाई अकरावर येण्यास तीन महिने लागावयाचे. हें ज्यास शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं कळलें, त्याचा दावा मुदतीबाहेर गेला. मग उरते ती रक्तपेढीकडे धांवाधांव. आणि रक्ताच्या एका पिशवीनें वाढावयाचें तें साधारण एक ग्रॅमच! शिवाय, कित्येक शस्त्रक्रिया ठरवून होतच नाहींत. वेणा चालू असतां पोटांतील मुलाचे ठोके मंदावले, कीं डॉक्टरांस कांहीं मिनिटांत निर्णय करावा लागतो. तेव्हां अमक्या बाईचें सीझर होईल, तमकीचें होणार नाहीं, असा भेद अगोदर करतां येत नाहीं. प्रत्येक गरोदर स्त्रीचें रक्त शस्त्रक्रिया सोसेल असें राखणें, हाच एक मार्ग आहे.

“आमच्या घरीं खाण्यापिण्यास काय कमी आहे?” असें कित्येक गृहस्थ विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, धान्य कोठींत असणें ही एक गोष्ट आणि तें सुनेच्या ताटांत पडणें ही दुसरी. पुरुषांचीं व मुलांचीं जेवणें उरकल्यावर उरलेल्या भाजीवर जिनें बसावयाचें, आणि जेवणावर लगेच चहा घ्यावयाचा, तिच्या अंगीं लोह लागणार कसें? चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. त्यांत लहान वयांतील लग्न, लागोपाठची बाळंतपणें व पोटांतील जंत यांची भर. गोळ्यांनीं मूल काळें होतें, मूल फार मोठें होऊन सीझर करावें लागतें, या समजुती तर सर्वस्वीं निराधार आहेत. गोळ्यांनीं शौचास काळें होतें, पण त्यानें अपाय होत नाहीं. मळमळ होत असेल तर गोळीची वेळ बदलून घ्यावी, गोळी केरांत टाकूं नये. त्या सर्वेक्षणांत ज्या मातांनीं १८० दिवस गोळ्या घेतल्या, त्या सबंध देशांत शेंकडा २६ च निघाल्या!

दुसरा एक दोष आपल्या चालीरीतींत आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल मायेची आहे. परंतु सात महिने सासरीं व पुढें माहेरीं, यांत रक्ताची जबाबदारी दोन्ही उंबरठ्यांच्या मध्यें पडून राहते. सासरचीं माणसें म्हणतात, आतां माहेरचे पाहतील. माहेरचे म्हणतात, सासरीं पाहिलें असेलच. डोहाळजेवणास दोनशें पानें उठतात, हिरवी साडी येते, फुलांची वाडी भरते. पण त्या दिवशीं उत्सवमूर्तीच्या अंगीं रक्त किती, हें मांडवांतील एकासही माहीत नसतें.

हें अज्ञान आपणांस शोभणारें नाहीं, कारण या रोगाच्या ज्ञानाचा एक मोठा भाग आपल्याच मुंबईंत मिळालेला आहे. १९२८ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनीं गिरण्यांतून राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध केला, आणि तो यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य तेंच पुढें फॉलिक ॲसिड ठरलें. आज गरोदर बाईस जी लाल गोळी फुकट मिळते, तींत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर हेंच द्रव्य असतें. म्हणजे आमच्या गिरणकामकरी भगिनींच्या दुखण्यांतून जगास जें औषध लाभलें, तें त्यांच्या नातींच्या पोटांत मात्र पुरतें जात नाहीं!

सरकारास आम्ही यांतून मोकळें सोडीत नाहीं. लोकांचें पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणें हें राज्याचें आद्य कर्तव्य, असें घटनेचें ४७ वें कलम सांगतें. आणि गरोदर स्त्रीस सार्वजनिक रुग्णालयांत उपचार मिळणें हा तिच्या जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें आहे. पांडुरोगनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालूं आहे, २०१८ सालीं त्यास नवें रूप मिळालें. सरकारी रुग्णालयांत सिझेरियन व त्यास लागणारें रक्त २०११ पासून विनामूल्य आहे. तेव्हां गोळ्यांचा तुटवडा, बंद पडलेलें तपासणीचें यंत्र, रक्तसाठ्याची सोय नसलेलें तालुक्याचें रुग्णालय, यांचा जाब आपले प्रतिनिधि निवडतांना मागितलाच पाहिजे. परंतु कोणतेंही सरकार घराघरांत शिरून गोळी गिळवूं शकत नाहीं. तें काम घरच्या माणसांचें आहे.

म्हणून आमच्या वाचकांनीं इतकें करावें. दिवस राहिल्याचें कळतांच हिमोग्लोबिन तपासून घ्यावें, पुढेंही प्रत्येक भेटींत तपासावें, आणि तो आंकडा घरांतील दिनदर्शिकेवर सर्वांस दिसेल असा लिहून ठेवावा. चौथ्या महिन्यापासून रोजची गोळी चुकूं देऊं नये. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊं नये. आंकडा ११ च्या खालीं गेल्यास दुप्पट गोळ्या कीं शिरेंतून लोह, हें डॉक्टरांस वेळेवर विचारावें. ७ च्या खालीं गेल्यास घरीं एक दिवसही काढूं नये. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर दुसरें कारण शोधावें. विदर्भांत व खानदेशच्या आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी तर अवश्यच आहे. माहेरीं पाठवितांना ओटीबरोबर तपासणीचे कागदही पाठवावे. घरच्या पुरुषांनीं प्रसंग येण्यापूर्वींच रक्तपेढींत रक्त द्यावें. तें तिलाच चढविलें जावें असें नव्हे, पण पेढींत सांठा असला तरच तिला मिळेल. पेढ्यांच्या व बाजारपेठांच्या मंडळांनीं आपल्या नोकरांच्या घरच्या स्त्रियांसाठीं तपासणीची सोय केली, तर त्यांच्या धर्मादाय खात्यांतील पैसा याहून चांगल्या कामीं लागणार नाहीं.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राविषयीं एक शब्द सांगून हा लेख पुरा करतों. कायद्यानें सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति हीच खरी संमति. तरी रुग्णालयाच्या दारांत लेखणी बहुधा पतीच्या हातीं दिली जाते. सही करतांना त्यानें आपल्या मनास विचारावें कीं, गेल्या सहा महिन्यांत या बाईच्या रक्ताची चौकशी आपण किती वेळां केली. स्वराज्य मिळून पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला. त्या स्वराज्यांत जन्मणाऱ्या मुलाची घटका शुभ कीं अशुभ, हें ग्रहांवरून ठरो वा न ठरो. त्याची आई त्या मेजावरून धडधाकट उठून त्यास जवळ घेईल कीं नाहीं, हें मात्र पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे.