व्हिसाआधी भाषा

भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाकाठी २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याचे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला होता. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह खऱ्या. परंतु करार सरकारे करतात, व्हिसाच्या खिडकीशी उमेदवार एकटाच उभा असतो. परिचारिकेस तेथे पूर्ण परवाना हवा तर पदविकेस मान्यता लागते, आणि जर्मन भाषेची सामान्यतः बी-२ पातळी. ताम्हिणीच्या मुलीने त्या भाषेसाठी मुळशी धरणाला वळसा घालून रोज पुणे गाठावे काय? सरकारने पौडलाच वर्ग काढावा, अशी आमची मागणी आहे. नाहीतर दलाल आहेतच, आणि त्यांच्यापायी गहाण पडावयास वडिलांची जमीनही!