पाठीवरचा डबा

व्हिडिओ गेममधले सगळ्यात फेमस एलियन मासळी बाजारात शोभतील असे आहेत, हे तुम्हाला माहितीये? जोक नाही. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो नावाच्या डिझायनरने 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. ओळीने खाली सरकणारे ते ठोकळ्या-ठोकळ्यांचे राक्षस आठवताहेत ना? त्यांचे आकार त्याने ऑक्टोपस, खेकडा आणि माकूल यांच्यावरून घेतले होते. मूळ प्रेरणा एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची. १८९८ च्या त्या कादंबरीतले मंगळवासी ऑक्टोपसच्याच वळणाचे!

गंमत बघा, मूठभर ठिपक्यांत काढलेला एलियन खराखुरा प्राणी वाटत होता. पुढे मशीन्स दणकट झाली, ग्राफिक्स सॉलिड झाले आणि बरेचसे एलियन मात्र चक्क माणसाळले. दोन हात, दोन पाय, भरदार खांदे. रंग तेवढा निळा. म्हणजे जिममधून थेट रंगपंचमीला गेलेला शेजारचा बंटीच की हो!

तर अशा एलियन्सना 'रिपेअर' करणारी एक जमात आहे. गेममधला प्राणी घ्यायचा आणि तो खरंच जगू शकेल असा पुन्हा काढायचा. मीही त्या जमातीतली. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शुक्रवारी रात्री पेन टॅब्लेट. 'ह्यातून मिळतं काय?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी माझ्याकडे एक रेडीमेड उत्तर आहे. आर. जे. पामर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने हौस म्हणून पोकेमॉन खऱ्या जनावरांसारखे काढले, खवले-पिसं-सुरकुत्यांसकट. त्याच चित्रांमुळे त्याला २०१९ च्या 'डिटेक्टिव्ह पिकाचू' सिनेमाचं काम मिळालं. हे ऐकलं की नातेवाईक गप्प होतात. पण खरं सांगू? मी काढते ते त्यासाठी नाही.

आधी या खेळाचा फंडा समजून घ्या. गेम डिझायनरला वेड्यात काढायचं नाही. समोरून येणारा शत्रू कोण, हे खेळणाऱ्याला अर्ध्या सेकंदात कळायला हवं. नुसत्या सावलीवरून. शिवाय दोन पायांचा सांगाडा एकदा हलवायला जमला की तोच दहा पात्रांना वापरता येतो. वेळ वाचतो, पैसे वाचतात. म्हणून आमचा नियम साधा आहे : ओळख तीच ठेवायची, फक्त शरीरातल्या प्रत्येक गोष्टीला कारण द्यायचं.

उदाहरणार्थ, २००१ चा 'हेलो'. त्यातल्या एलीट नावाच्या उंच योद्ध्यांचे पाय बघून सगळे म्हणतात, 'अरे, ह्याचा गुडघा उलटा आहे!' नाही हो. तो गुडघा नाहीच, घोटा आहे. गल्लीतल्या कुत्र्याचा मागचा पाय नीट बघा. गुडघा वर पोटाजवळ आहे आणि तुमच्या-माझ्यासारखाच पुढे वाकतो. खाली मागे वाकलेला दिसतो तो घोटा. कुत्रा जन्मभर टाचा उचलूनच चालतो. एवढं कळलं की एलीटचा पाय आपोआप बरोबर यायला लागतो.

किंवा २००७ च्या 'मास इफेक्ट'मधले क्रोगन. महाभांडखोर जमात, पण डोळे ससा-हरणासारखे दोन बाजूंना. डोळे असे कुणाचे असतात? ज्याला सतत आजूबाजूला बघावं लागतं त्याचे. गेमवाल्यांनीच त्याचं कारण दिलंय, की यांचा ग्रह इतका खतरनाक की तिथे हे स्वतःच कुणाचं तरी भक्ष्य होते. बस्स! एका वाक्यात गुंडाचं बालपण दिसायला लागलं. एलियन काढताना म्हणूनच 'हा कुणाला मारतो?' याच्या आधी 'हा कुणाला घाबरतो?' हे विचारावं.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या पेशंटकडे येते. त्याचं नाव ग्रंट. हाही 'हेलो'मधलाच. बुटका, पोक काढून चालणारा, तोंडावर मास्क आणि पाठीवर भलीमोठी टाकी. टाकीत मीथेन, कारण म्हणे तो मीथेनवर श्वास घेतो. खेळणाऱ्यांच्या लेखी हा निव्वळ टाइमपास. यांचा म्होरक्या एलीट पडला की हे ग्रंट किंचाळत, हात वर करून पळत सुटतात. आपण हसायचं आणि ढिशक्यांव!

मी त्याची फाइल उघडली आणि पहिल्याच प्रश्नाला अडकले. मीथेनवर श्वास घ्यायचा, म्हणजे नक्की काय करायचं? श्वास म्हणजे नुसती हवा आत-बाहेर नव्हे. आपण खातो ती पोळी-भाजी म्हणजे जळण, आणि श्वासातला ऑक्सिजन ते जळण जाळतो. त्यातून ताकद मिळते. मीथेन स्वतःच जळण आहे. शहरातल्या घरांत पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मीथेनच. जळणावर आणखी जळण ओतून चूल पेटत नाही, हवा लागते. आणि हवेत मीथेन पाच ते पंधरा टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणजे ऑक्सिजनने भरलेल्या जहाजात हा बिचारा लायटरपासून लांब राहिलेला बरा!

मग शोधाशोध. शनीच्या टायटन या चंद्रावर मीथेनची तळी आहेत. २००५ साली ह्युजेन्स यान तिथे उतरलं, तेव्हा तापमान होतं उणे १७९ अंशांच्या आसपास. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली : तिथे जीव असलेच तर ते हायड्रोजन आत घेतील आणि मीथेन बाहेर सोडतील. म्हणजे तिथेही मीथेन श्वास नाही, उच्छ्वास! ग्रंटचं काम काही होईना.

उत्तर मिळालं ते थेट समुद्राच्या तळाशी. मेक्सिकोच्या आखातात खोल पाण्यात, जिथे जमिनीतून मीथेन झिरपतो, तिथे शिंपले राहतात. त्यांच्या कल्ल्यांत बॅक्टेरिया असतात. ते पाण्यातल्या ऑक्सिजनवर मीथेन 'जाळतात' आणि त्यावर शिंपल्याचं पोट भरतं. मीथेन इथे श्वास नाही, जेवण आहे!

डोक्यात लख्खकन ट्यूब पेटली. ग्रंटच्या पाठीवरची टाकी म्हणजे पाणबुड्याचं सिलिंडर नाहीच. तो डबा आहे. जेवणाचा डबा!

त्या रात्री सगळं चित्र बदललं. बाहेरून ग्रंट तोच ठेवला. तीच टाकी, तोच मास्क, तेच पोक. आतून मात्र मास्कखाली पिसांसारखे पसरलेले कल्ले काढले, बॅक्टेरियांना राहायला. ऑक्सिजन तो जहाजातल्या हवेतूनच घेणार. छाती रुंद केली. जेवण कल्ल्यांतूनच येतंय, तर पोट आणि जबडा लहान केला. पोकसुद्धा फुकट गेलं नाही. ओझं वाहून वाहून मणका वाकलाय.

माझी रूममेट मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, ''अगं, त्याला गोळीच घालायचीय ना? मग त्याचं पोट कशाला काढत बसलीयेस?''

प्रश्न एकदम बरोबर होता. आणि त्याचं उत्तर देता देताच मला कळलं, की मी हे का करते. कारण डबा म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच : भरतो कोण? मालकांच्या जहाजावर मीथेनची विहीर नाही. टाकी मालकच भरणार. दिली ड्यूटी केली तर भरणार, नाही तर नाही. आता तो एलीट पडल्यावर पळणारा ग्रंट आठवा. पळून जाणार कुठे? टाकी चालेल तेवढंच अंतर. भित्रा म्हणून ज्याला आपण हसत होतो, त्याची सुटकेची मुदत पाठीवर टांगलेली आहे.

महिन्याच्या एक तारखेला ज्यांची टाकी भरते आणि पाच तारखेला ईएमआयने अर्धी होते, त्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं 'हेलो' बनवणाऱ्यांच्या मनात होतं, असा माझा दावा नाही. ही फक्त माझ्या चित्रातली गोष्ट आहे. पण ती कल्ल्यांमधून निघाली. मी त्याला दया दाखवायला बसले नव्हते, हिशोब जुळवायला बसले होते. कुणाचंही खाणं-पिणं नीट विचारलं, की तो निव्वळ 'टार्गेट' राहत नाही. मी अजूनही 'हेलो' खेळते, गोळ्याही घालते. पण हात वर करून पळणारा ग्रंट दिसला की सोडून देते. स्कोअर थोडा कमी होतो. चालतंय!

तुम्हालाही ट्राय करायचंय? चित्रकला यायलाच हवी असं नाही, बिलाच्या मागची कोरी बाजूसुद्धा पुरते. आवडता एलियन घ्या आणि पाच प्रश्न विचारा. हा खातो काय? श्वास कसला घेतो? याच्या ग्रहावर वजन किती वाटतं? पिल्लं कशी वाढवतो? आणि घाबरतो कुणाला? अडलात, तर रविवारी सकाळी मासळी बाजार गाठा. खेकड्याचे पाय नेमके कुठे जोडलेत आणि माशाचे कल्ले आतून कसे दिसतात, ते निरखून बघा. निशिकादोचे तिन्ही हीरो एकाच बाजारात भेटतील असं नाही, पण खेकडा आणि माकूल हमखास. कोळीणबाई ओरडतील, 'घ्यायचंय का नुसतं बघायचंय?' तेव्हा पाव किलो कोळंबी घ्या. स्केच झालं की रात्रीच्या जेवणाचीही सोय होते.