मूर्तिजापूरच्या अलीकडे

अमरावतीहून सायकलने अकोल्याला जाऊन परत यायचं म्हणजे साधारण दोनशे किलोमीटर. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार असतो, त्यात २०० किमीला साडेतेरा तास मिळतात. चहा, पंक्चर, जेवण, कंटाळा, सगळं त्यातच. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत परत आलात की झालं.

काही वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात मी आणि माझा एक मित्र या रस्त्यावर निघालो. अधिकृत ब्रेव्हे नव्हती, आपलं आपणच. तरी घड्याळ साडेतेरा तासांचंच लावलेलं. मी नोकरीला पुण्यात, घर अमरावतीला. सुट्टी चारच दिवसांची, त्यामुळे आभाळ भरलेलं दिसत असूनही 'आता नाही तर कधी' असा हिशोब केला. (असे हिशोब मी ऑफिसातही करतो आणि तिथेही ते चुकतात.)

रस्ता मात्र झकास. अमरावती-अकोला म्हटलं की वर्षानुवर्षं खड्डेच आठवायचे. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किमीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून झाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर सायकल आपोआप पळते, आणि आपल्याला वाटतं आपणच भारी आहोत.

लोणीच्या पुढे पाऊस सुरू झाला. आधी भुरभुर, मग समोरून वारा आणि धो धो. ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती रस्त्याच्या कडेला आणून टाकली होती. ती ओली झाली की काय होतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. ब्रेक लागेनात. माझी बोटं गिअर बदलताना दुखत होती, त्याला तर गिअर बदलताच येत नव्हता. मी काही विचारलं की तो जडपणे, अर्धवट उत्तर द्यायचा. मला वाटलं, दमलाय. एकदा तो सरळ लेनच्या मधोमध गेला आणि मागून येणारा ट्रक जोरात हॉर्न मारत अगदी जवळून निघून गेला. तरीही मी "थांबू या" म्हणालो नाही. का? तर तो म्हणाला नव्हता म्हणून! आधी बोलेल तो कच्चा, असं दोघांच्याही डोक्यात.

शेवटी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी थांबलो, तेही फक्त पाच मिनिटं म्हणून. टपरीवाल्या भाऊंनी विचारलं, "कुठी चालले भाऊ असल्या पान्यात?"

"अकोल्याले."

"काहून, अकोला पळून चाललं का?" मग मित्राकडे बघून एकदम आवाज बदलला. "याचे ओठ पाह्यले का तुम्ही? निळे पडले ना. बसवा त्याले चुलीपाशी."

ओले कपडे काढायला लावले, घरचं घोंगडं दिलं. शेजारी बसलेले एक काका गप्पपणे पावसाकडे बघत होते. त्यांच्या वावरातला फुटलेला कापूस झाडावरच भिजत होता. त्यांना आमच्या साडेतेरा तासांचं काय सांगणार? परत आलो ते संत्र्यांच्या क्रेटसोबत, एका छोट्या हत्तीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे उन्हाचं शहाणपण घराघरात आहे. अकोल्यात ४५ च्या पुढे पारा गेला की कुणीही सांगेल, दुपट्टा बांध, खिशात कांदा ठेव, दुपारी निघू नको. थंडीचं तसं काहीच नाही. 'आपल्याकडे कुठे एवढी थंडी' असं म्हणून विषय संपतो. वास्तविक २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. आणि मरायला तेवढंही लागत नाही. तापमान १० अंश आणि वारा ताशी २५ किमी असला की उघड्या त्वचेला ते साधारण ७ अंशांसारखं लागतं, आणि हे कोरड्या अंगाचं गणित. ओल्या कपड्यांतून उष्णता कितीतरी वेगाने निघून जाते. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हात ऐकत नाहीत, जीभ जड होते आणि डोकं नीट चालत नाही. म्हणजे 'थांबू का?' हा प्रश्न ज्याला विचारायचा, तो उत्तर द्यायच्या स्थितीत नसतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळायला हवं. रात्री दोनला रिलीज फसलं की रोलबॅक करायचा की नाही यावर आपण तेव्हा चर्चा करत बसत नाही. काय झालं तर मागे फिरायचं हे दुपारीच, शांत डोक्याने लिहून ठेवलेलं असतं. सायकलवर मात्र सगळं 'बघू पुढे' वर सोडायचं!

यावर मित्रमंडळींचं ठरलेलं उत्तर, "असं केलं तर आपली लिमिट कळणार कशी? नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, ते थांबले असते तर?" अरे, ते भन्नाटच आहेत, वाद नाही. पण त्या शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत क्रू असतो, त्याचं लक्ष सतत स्वारावर असतं. ब्रेव्हेत कंट्रोल सोडून वाटेत मदतीची गाडी चालतच नाही. तुम्हाला बघणारं कुणी असेल तर तो शेजारचा सायकलवाला, आणि तो माझ्यासारखा गप्प बसला तर?

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीच्या डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वारा आला. २१ जण गेले, त्यांत नावाजलेले धावपटूही होते. काही जणांना एका मेंढपाळाने गुहेत नेऊन शेकोटी पेटवून वाचवलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या टपरीवाल्या भाऊंची चूल आठवली.

आणि आपण लिहितो काय? ज्याने पूर्ण केलं त्याचा चिखलाने माखलेला फोटो, खाली दोनशे लाइक. जो बडनेऱ्याहून परत फिरला तो गपचूप सायकल धुऊन ठेवतो. मग नव्या पोरांना वाटणारच, की परत कुणी फिरतच नाही.

असो. मित्र अजून म्हणतो, चहा पिऊन मी निघालो असतो, तूच घाबरलास. पुढच्या डिसेंबरात परत जायचं ठरलं तेव्हा मी तीन अटी लिहून त्याला पाठवल्या : पाऊस लागून अंग ओलं झालं आणि समोरून वारा असेल तर पहिल्या गावात थांबायचं, कोरडा थर पिशवीत असल्याशिवाय निघायचं नाही, आणि एकाने 'बस' म्हटलं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं. तिन्ही मान्य. फक्त खाली एक ओळ वाढवली होती : "आधी तू म्हणायचं."