मिरगाआधी एकदा सिंकखाली वाका



मे महिना अर्धा सरला आहे. आपल्या पारशिवनीत पारा ४५च्या आसपास, अंगणातली माती भेगाळलेली, सकाळी टाकलेले पापड दुपारच्या आत कडक. अशा दिवसांत घरामागच्या कपडे धुण्याच्या सिंकखाली किंवा त्याला लागून असलेल्या भिंतीवर हाताएवढी जरी ओल दिसली, तरी ती पावसाची नाही. ती बहुतेक गळतीच आहे. एकदा मिरग बरसला की सगळेच ओले होते, आणि मग पाइप गळतो की भिंत पाझरते हे कसलेल्या प्लंबरलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून ही घाई. आपल्या हाती जेमतेम तीन आठवडे आहेत.

मी स्वतः दोन वर्षे फसलो. आमच्या सिंकच्या मागे भिंतीलगत धोपा माजला होता. सुपाएवढी पाने! येणारा-जाणारा म्हणायचा, ‘वहिनींच्या हाताला गुण आहे.’ आम्हीही धोप्याच्या वड्या करून शेजारीपाजारी वाटत होतो. मग एक दिवस सिंकखालची शहाबादी फरशी पायाखाली डुगडुगली. उचलून पाहिली तर खाली काळ्या मातीचा नुसता काला, आणि भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढत गेलेली भेग. गुण हाताचा नव्हता, पाइपच्या जोडाचा होता. एक रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. त्याची किंमत आमच्या एका वेळच्या चहाएवढी, पण भिंतीच्या डागडुजीला आमचा अख्खा उन्हाळा गेला.

आपली काळी माती कपाशीला चांगली, पायाला नाही. ती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. पावसात सगळी जमीन सारखीच भिजते, त्यामुळे घर एक वेळ सावरून घेते. पाइप मात्र एकाच कोपऱ्यात रोज पाणी पाजतो. तो कोपरा फुगलेला, बाकीचा पाया कोरडा, आणि मध्ये भिंत तडकते. ओलीमागून लोणा येतो, लोण्यामागून रंगाचे पापुद्रे, आणि चौकट लाकडाची असेल तर उधई.

भिंत तरी पैशाने दुरुस्त होते. गळतीच्या डबक्यात वाढणाऱ्या डासांचे तसे नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, हे आता शाळेतली पोरेही सांगतात. साबणाच्या, मळाच्या, काळ्या पाण्यात वाढणारा डास वेगळा. तो क्युलेक्स, हत्तीपाय पसरवणारा. पूर्व विदर्भ या रोगाचा जुना पट्टा आहे. रात्री आठनंतर रक्ताचा थेंब घ्यायला आरोग्य कर्मचारी दारात येतात, कारण हत्तीपायाच्या जंतांची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात. तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत २०१९मध्ये आपला नागपूर जिल्हा होता. २०२७पर्यंत हा रोग संपवायचे देशाने ठरवले आहे. गोळ्या आपण गिळतो आणि सिंकखाली डास पाळतो, हा कुठला व्यवहार? अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ‘आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा’ म्हणतात, ते याचसाठी. फक्त टाकी-रांजण कोरडे करून भागत नाही, सिंकखालचे डबकेही मोजा.

आता तपासायचे कसे? आधी कूलर बंद करा, नाहीतर त्याच्या ठिबकण्याचा आळ पाइपवर येईल. सिंकखालची जुनी चपला-डब्यांची अडगळ काढून जागा पुसून कोरडी करा आणि तिथे वर्तमानपत्र पसरा. नळाची धार सोडून बघू नका, बारीक धारेत गळका जोडही शहाणा वागतो. सिंकला बूच लावा, काठोकाठ भरा आणि बूच एकदम ओढा. पाणी घोंगावत खाली जाताना कोरड्या कागदाचा तुकडा एकेका जोडाभोवती फिरवा, वरून खाली. वरूनच, कारण वरच्या जाळीच्या नटातले पाणी पाइपच्या पाठीवरून ओघळते आणि ठिबकते खालच्या वळणावर. बिचारे वळण फुकट बदनाम होते. आमच्याकडे तेच दोनदा बदलून झाले होते.

गळका जोड सापडला की खाली जुना गंज ठेवा आणि नट हाताने सैल करा. वळणात अडकलेले पाणी गंजात पडेल. त्या वळणात पाणी असायलाच हवे, गटाराचा वास तेच अडवते, त्यामुळे ते बघून घाबरू नका. वायसर चिरला, चपटा झाला किंवा तेलकट झाला असेल तर तो घेऊनच दुकानात जा, मापाचा अंदाज बांधू नका. पाइप सव्वा इंची की दीड इंची, इथेच माणसे चुकतात. नवा वायसर बसवताना सपाट बाजू नटाकडे आणि निमुळती बाजू जोडाच्या तोंडाकडे ठेवा. नट हाताने घट्ट आवळा, मग पकडीने जेमतेम पाव फेरा. जोर दाखवाल तर प्लास्टिकचे आटे फुटतील. या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, इथे पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. ओल्या पाइपवर एम-सील थापणे म्हणजे भिंत पडायला उधारीवर मुदत घेणे. आणि तुंबलेल्या सिंकमध्ये अॅसिड तर मुळीच ओतू नका. ते धातूची जाळी खाते आणि नंतर वळण उघडणाऱ्याचा हात भाजते.

वॉशिंग मशीन असलेल्यांनी आणखी एक बघावे. मशीनची नळी सिंकच्या पाइपात नुसती खोचलेली असेल, तर मशीन पाणी फेकते तेव्हा ते तोंडातून उसळते. आपण तेव्हा स्वयंपाकघरात असतो. एकदा तिथे उभे राहून पाहा. नळी बांधून टाका, आणि घडीचा पाइप जमिनीतल्या भोकात सोडलेला असेल तर भोवतालची फट बुजवा. त्याच फटीतून झुरळे आणि डास वर येतात. ओल्या फरशीवर उभे राहून मशीनच्या प्लगला मात्र हात लावू नका.

नवेगाव खैरीच्या धरणातले पाणी नागपूर शहर पिते. पाण्याचे मोल आपल्या तालुक्याला कोणी शिकवावे असे नाही. पण वापरलेले पाणी दाराबाहेर गेले की ते आपले राहत नाही, अशी आपली समजूत आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले, हे राज्याने पाहिले. आपल्याकडे शोषखड्डा करायचा तर मुरूम लागेपर्यंत खणावे लागेल, काळ्या मातीत पाणी मुरत नाही. ते काम पावसाळ्यानंतर, वस्तीने मिळून, नगरपंचायतीला सोबत घेऊन करता येईल. वायसर मात्र आजच बदलता येतो.

भाड्याच्या घरात असाल तर ‘घरमालक बघेल’ म्हणून थांबू नका, आणि घरमालक असाल तर भाडेकरूच्या सांगण्याची वाट पाहू नका. तरुण मुलांना एक खास विनंती. गुडघे दुखणारी म्हातारी माणसे सिंकखाली वाकू शकत नाहीत, त्यांच्या घरची गळती वर्षानुवर्षे कोणालाच दिसत नाही. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आधी आपल्या घरचे सिंक भरून सोडा. मग एक गंज, एक पकड आणि जुना पेपर घेऊन शेजारच्या आजींचे दार वाजवा.